खोगिराखाली हातचं जेन: किनाऱ्यावरच्या घोड्यांसाठी कोणी वापरतंय का?

वाळूतली_टाप (नागाव)

नमस्कार मंडळी. जेनाबद्दल, म्हणजे खोगिराखाली घालायच्या, हाताने लाटून केलेल्या लोकरीच्या जाड तुकड्याबद्दल, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

आमच्या घरात तीन पिढ्या घोडी आहेत. आजोबा आणि बाबा अलिबागला टांगा चालवायचे. ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्यापर्यंत माणसं न्यायची आणि भरती चढायच्या आत परत फिरायचं. आता भावाकडे नि माझ्याकडे मिळून तीन जनावरं आहेत. दोन घोड्या बसायला, एक घोडा टांग्याला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या राणीची पाठ लागली. खोगिराखाली रेक्झिन लावलेली फोमची गादी होती, बाजारात मिळते तीच, लाल, झालरवाली. दिवसभर वाळूत फेऱ्या, मधूनच गिऱ्हाईक म्हणणार घोडी पाण्यात घाला. गादीखाली घाम साठला, त्यात खारं पाणी, त्यात वाळू. संध्याकाळी गादी काढली की पाठ नुसती शिजल्यासारखी गरम लागायची. रात्रीत ते मीठ गादीवर वाळायचं आणि सकाळी तोच पॉलिश पेपर परत तिच्या अंगावर. आठ दिवसांत मानेमागच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंचे केस गेले, मग कातडी सोलवटली. ऐन धंद्यात तिला महिनाभर बांधून ठेवली. जखम भरली, पण तिथे रुपयाएवढे दोन पांढरे डाग उगवलेत. तांबड्या अंगावर लांबून दिसतात. रोज खरारा करताना माझा हात तिथे थांबतो.

बाबा म्हणाले, आमच्या वेळी खोगिराखाली घोंगडं असायचं, कधी पाठ लागली नाही. मी ते तेव्हा ऐकून सोडून दिलं. पुढे भात कापून झाल्यावर देशावरचे धनगर नेहमीसारखे मेंढरं घेऊन खाली उतरले. आमच्या शेजारच्या खाचरात दरवर्षी त्यांची मेंढरं बसवतात, खतासाठी. त्यांच्यातल्या एका मामांनी राणीची पाठ पाहिली. म्हणाले, "पोरी, घोंगडं घडी करून टाकलंस तर घडीचा वळ उठेल. जेन घे. कोल्हापूरकडं, पट्टणकोडोलीला बघ."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घोंगडं मागावर विणतात, जेन विणत नाहीत. लोकर पिंजून, पसरून, पाणी शिंपडून, गुंडाळून, हातापायांनी लाटून लाटून घट्ट बसवतात. शिवण नाही, गाठ नाही, उभा-आडवा धागा नाही. काही जण जान म्हणतात.

मी अडीच फूट बाय अडीच फुटाचं, बोटभर जाड, काळ्या लोकरीचं आणलं. दोन हंगाम झाले. पहिले चार दिवस घोडीने अंग थरथरवलं, लोकर जरा टोचत असावी. मग बसलं. आता फेरी संपवून खोगीर उतरवलं की पाठ ओलसर असते पण तापलेली नसते. घामाचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा उमटतो. खोगीर पूर्वी उजवीकडे सरकायचं म्हणून आम्ही तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, फार आवळायचो. जेन घसरत नाही, म्हणून तंग दोन भोकं सैल झाला. एवढ्यानेही घोडीचा स्वभाव बदलला. पूर्वी खोगीर दिसलं की कान मागे टाकायची.

आता माझे प्रश्न. पावसाळ्यात हे टिकवायचं कसं? टांग्याच्या घोड्याला कोणी वापरलंय का? आणि पाठीच्या आकाराचं, मधे उंच ठेवलेलं जेन कोणी करून देतं का?

किहीमचा_पोरगा

ताई, अनुभव छान लिहिलाय, पण एक शंका स्पष्टच विचारतो. पाठ फोममुळे लागली की खोगिरामुळे? खोगीर उजवीकडे सरकत होतं म्हणताय, म्हणजे मुळात ते तिच्या पाठीला बसत नव्हतं. आमच्याकडे एकच खोगीर चार घोड्यांवर चढवतात आणि मग दोष गादीला देतात. खोगीर चुकीचं असेल तर खाली लोकर घाला नाहीतर मखमल घाला.

पशुवैद्य_रत्नागिरी

किहीमच्या दादांचा मुद्दा बरोबर आहे आणि तो आधी निकालात काढायला हवा.

खोगीर नुसतं पाठीवर ठेवा, खाली काही न घालता. पुढून बघा. मानेमागचा उंचवटा आणि खोगिराची कमान यांत उभी दोन-तीन बोटं सहज जायला हवीत, आणि माणूस बसल्यावरही जागा उरायला हवी. मागून बघा, पाठीच्या कण्यावर आरपार उजेड दिसला पाहिजे. खोगिराचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर पडायला हवा, कण्यावर अजिबात नाही. हे जमत नसेल तर कुठलीच गादी उपयोगाची नाही. उलट, अरुंद खोगिराखाली जाड गादी घालणं म्हणजे घट्ट चपलेत दोन मोजे घालणं. चिमटा वाढतो.

खोगीर ठीक असेल तर मात्र गादीने खरंच फरक पडतो. जखम होते ती तीन गोष्टींनी: दाब, घासणं आणि ओल. एकाच जागी दाब राहिला की तिथलं रक्त अडतं. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी मेल्या की केस पांढरा येतो, तो पुन्हा रंगत नाही. राणीचे डाग म्हणूनच राहिलेत. ओल्या कातडीला घासणं लवकर बाधतं. आणि घोड्याचा घाम साधा नसतो. तो माणसाच्या घामापेक्षा बराच खारट असतो, शिवाय त्यात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, फेस त्यामुळेच येतो. हा खारट फेस रेक्झिनखाली कोंडला तर काय होईल ते ताईंनी लिहिलंच आहे.

लोकरीचं बलस्थान असं की तिचा तंतू मुळात कुरळा असतो. दाबला की बसतो, भार काढला की उठतो. स्वस्त फोम काही महिन्यांत मधेच बसतो आणि कडेला तसाच राहतो, म्हणजे मधे खड्डा नि कडेला काठ. त्या काठाचाच वळ उठतो.

घामाच्या ठशाबद्दल एक सांगून ठेवतो. सगळीकडे पाठ ओली आणि मधेच तळव्याएवढा कोरडा ठिपका दिसला तर लोक खूश होतात. खूश होऊ नका. बहुतेक वेळा तिथे इतका दाब असतो की घामच सुटत नाही. तिथे बोटांनी दाबून बघा, घोडा पाठ खाली झुकवतो का ते पाहा.

कातरणी (इचलकरंजी)

मी सणगर घरातली. आजोबांचा खड्डामाग होता, आम्ही घोंगडी विणणारे. जेन आम्ही करत नव्हतो, पण करणाऱ्यांच्या घरी लहानपणापासून येणं-जाणं आहे, म्हणून थोडं लिहिते.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि चोळणं मिळालं की खवले एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. जेन म्हणजे हे अडकणंच. लाटणाऱ्याने हात आखडता घेतला तर जेन वरून छान दिसतं, पण वापरात थर सुटतात. घेताना कड दोन बोटांत धरून पापुद्रा निघतो का पाहा. उजेडासमोर धरा, विरळ जागा लगेच दिसते.

दख्खनी मेंढीची लोकर जाडी-भरडी, आखूड. शालीला तिचा उपयोग नाही, म्हणून तिला भाव नाही. कातरायची मजुरीसुद्धा सुटत नाही म्हणून कित्येक धनगर लोकर टाकून देतात. मला हे बघवत नाही. घोड्याच्या पाठीला नेमकी हीच भरड लोकर लागते, कारण ती दबून सपाट होत नाही. पण तिच्यात केसासारखे राठ तंतू असतात, ते नीट जमत नाहीत आणि टोचतात. राणी थरथरली ती यामुळे. करणाऱ्याला सांगायचं की घोड्याकडच्या बाजूला जावळाची लोकर, म्हणजे कोकराची पहिली कातरलेली, घाला. मऊ असते. जावळ थोडंच मिळतं, म्हणून महाग पडेल, पण एका थरापुरतं पुरतं.

एका मेंढराची वर्षाची लोकर अर्धा-पाऊण किलोच्या आसपास. धुण्या-पिंजण्यात घट धरली तर दीड किलोच्या जेनात तीन-चार मेंढरांची वर्षभराची लोकर असते. भाव करताना एवढं लक्षात असू द्या.

आणि हो, घोंगडं वापरणाऱ्यांसाठी: नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती धुऊन काढल्याशिवाय घोड्यावर टाकू नका. घामाने चिकट होते.

ताना_बाना

कापडाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आहे, म्हणून थोडं आकड्यांत.

"लोकर घोड्याची पाठ थंड ठेवते" असं विकणारे सांगतात, ते तसं नाही. लोकर वाफ शोषते तेव्हा उलट थोडी उष्णता बाहेर टाकते. तिचा फायदा वेगळा आहे. ती घामाची वाफ तंतूच्या आत घेते आणि तरी स्पर्शाला कोरडी लागते. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी धरून असते. हवा पूर्ण दमट झाली की तेहतीसेक टक्क्यांपर्यंत जाते. पॉलिएस्टरचा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली.

आता कोकणाचा हिशेब करा. दीड किलोचं जेन पूर्ण भरलं तर अर्धा लिटर पाणी आत घेईल. ६५ टक्के आर्द्रतेला त्यात आधीच पाव लिटरच्या जवळ असतं, म्हणजे पाव लिटरची जागा शिल्लक. श्रावणात हवा ९० टक्क्यांवर गेली की त्या उरलेल्या जागेतलीही साधारण निम्मी हवेनेच खाल्लेली असते. माझं म्हणणं, कोकणात लोकरीचा फायदा देशापेक्षा कमीच मिळणार.

वाळूतली_टाप

ताना_बाना दादा, हा हिशेब मला आजवर कोणी मांडून दाखवला नव्हता, मनापासून आभार. आमचा अनुभव त्याच्याशी जुळतो. सप्टेंबरात जेन जड लागतं आणि लवकर ओलं होतं, डिसेंबर-जानेवारीत तेच दिवसभर पुरतं. पण आमचा धंदा पावसाळ्यात बंदच असतो, खरी गर्दी दिवाळी ते मे. आणि सकाळी खोगीर घालायच्या आधी भाऊ जेन अर्धा तास उन्हात टाकतो. म्हणजे त्याने नकळत जागा रिकामी करून ठेवली म्हणायची.

किहीमच्या दादा, तुमचंही खरं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं तसं आज दुपारी नुसतं खोगीर ठेवून मागून पाहिलं. राणीवर उजेड दिसतो, चांदणीवर, म्हणजे आमच्या दुसऱ्या घोडीवर, दिसत नाही. चांदणीची पाठ रुंद आहे, तिला आम्ही राणीचंच खोगीर वापरत होतो. तिला वेगळं बघावं लागणार. तोवर चांदणीवर कोणी बसणार नाही, भावाला सांगून टाकलं.

देवगडचो_हापूस

आमच्या हयसर घोडे थोडेच. माझ्या मावसभावाचो एक घोडो आसा, लग्नाच्या वरातीक जाता. त्याच्या पाठीर रंगीत मखमलीची गादी, तिचो रंग घामान सुटलो आनि पांढरो घोडो गुलाबी झालो. चार दिवस अंग खाजवी होतो. काळ्या लोकरीक रंगच लावूचो नाय तर सुटतलो खंयचो? माका ह्यां पटला. भावाक ही चर्चा धाडतंय.

दापोलीकर_काकू

पावसाळ्याच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण आम्ही एक जेन घालवून बसलो आहोत.

मुलाने कर्द्याच्या किनाऱ्यावर दोन घोडे ठेवले होते. मे संपता संपता जेन तसंच गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं. ऑक्टोबरात काढलं तर एका बाजूला बुरशी आणि दुसरीकडे कसरीने चाळण केलेली. कसर लोकरच खाते, आणि घामाची, केसांची लोकर तिला आधी हवी. म्हणून धुतल्याशिवाय ठेवायचं नाही.

आता आम्ही असं करतो. ब्रशने आधी केस आणि वाळू झाडायची. मग साध्या पाण्यात, विहिरीच्या, रिठ्याच्या फेसात बुडवून हाताने दाबायचं. गरम पाणी नको, पिळणं नको, चोळणं नको, नाहीतर जेन आटतं आणि वाकडं होतं. धुण्याचा सोडा अजिबात नको. दोन माणसांनी चार कोपरे धरून पाणी निथळू द्यायचं, मग सावलीत, वाऱ्यावर, आडव्या बांबूवर टाकायचं. पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून हे मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकायचं. वळवाची सर आली की गेलं सगळं.

ठेवताना गुंडाळायचं नाही. सुती जुन्या लुगड्यात सैल, मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि स्वैपाकघरात चुलीच्या वरच्या बाजूला दोरीवर टांगायचं. धुराचा वास लागतो, पण ऊब असते. गॅसवाल्या घरात काय करायचं ते मला सांगता येणार नाही. पावसात उघडीप मिळाली की काढून झटकायचं. तीन वर्षं झाली, दुसरं जेन ठणठणीत आहे.

खारं पाणी लागलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतलंच पाहिजे. मीठ हवेतली ओल ओढत राहतं, ते जेन कधी कोरडं होणारच नाही.

पशुवैद्य_रत्नागिरी

काकूंच्या एकेका ओळीला माझी सही. त्यात एवढीच भर: प्रत्येक घोड्याचं जेन वेगळं. गजकर्ण एकाच्या गादीवरून दुसऱ्याला जातं. पावसाळ्यात पाठीवर खपल्यांचे चिकट झुपके येतात, ते डर्माटोफिलस नावाच्या जिवाणूमुळे. तोही ओल्या केसांत आणि एकमेकांच्या सामानावरून पसरतो. जेनावर खुणेचा धागा ओवून ठेवा, एकाला लाल, एकाला हिरवा.

घालण्याची रीतही लिहितो, कारण किनाऱ्यावर घाईत हेच चुकतं. जेन चार बोटं पुढे, मानेकडे ठेवायचं आणि केसांच्या दिशेने मागे सरकवत आणायचं, म्हणजे खालचे केस सपाट बसतात. खोगीर ठेवल्यावर तंग आवळायच्या आधी जेन मधोमध धरून खोगिराच्या कमानीत वर उचलायचं. ते कण्यावर ताणून बसलं तर मऊ लोकरही दिवसभरात कणा सोलते.

आणि वजन. माणूस आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपली किनाऱ्यावरची तट्टं अडीचशे-तीनशे किलोची. म्हणजे ५० ते ६० किलो, खोगीर धरून. नव्वद किलोच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायची हिंमत कुठल्याही जेनापेक्षा पाठीला जास्त वाचवेल. जखम असलेल्या जनावराला कामाला लावणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, हेही घोडेवाल्यांनी एकमेकांना सांगत राहावं.

जुना_बारगीर

शब्दांचा नाद आहे म्हणून दोन ओळी. खोगिराखाली घालायच्या या लोकरी तुकड्याला फारसीत अरकगीर म्हणतात. अरक म्हणजे घाम, गीर म्हणजे धरणारा. ज्याने नाव ठेवलं त्याने काम ओळखून ठेवलं. आणि आपली खोगीरभरती! खोगिरात कसल्याही चिंध्या, गवत कोंबायचे, त्यावरून नको त्या भरण्याला आपण हा शब्द वापरतो. पण घोड्याच्या दृष्टीने विचार केला तर त्या भरतीवरच त्याची पाठ अवलंबून असते. भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांनी केवढ्या मजला मारल्या. त्या पाठी शाबूत राहिल्या असतील तर कोणीतरी त्या भरतीची काळजी केली म्हणूनच.

किहीमचा_पोरगा

टांग्याच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, मी सांगतो. टांग्याच्या घोड्याच्या पाठीवरची गादी वीतभर रुंद असते, तिच्यावर दोन्ही दांड्यांचा भार लोंबतो. तिथे पूर्ण जेन घालून उपयोग नाही, सरकतं. आम्ही जुन्या जेनाच्या धड राहिलेल्या भागातून दोन पट्ट्या कापल्या, कण्याच्या दोन बाजूंना एकेक, मधे बोटभर फट, आणि चामड्याच्या गादीला आतून मोठ्या टाक्यांनी टाचल्या. जेन कापलं तरी उसवत नाही, हा त्याचा मोठा गुण. उरलेला तुकडा छातीपट्ट्याखाली. तसं टांग्यात माणसं पुढे बसली की भार पाठीवर आणि मागे बसली की दांडे वर उचलतात, ते आधी जुळवून घ्या.

आणि ताई, चांदणीला बांधून ठेवलीत हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे एक रुंद खोगीर पडून आहे. शनिवारी घेऊन येतो, तिच्यावर ठेवून बघू.

वाळूतली_टाप

नक्की या दादा. बाबाही घरी असतील, त्यांना टांग्याचं दाखवा.

कातरणीताईंशी निरोपानिरोपी झाली. त्या ओळखीच्या जेनवाल्यांकडे विचारून आल्या. मधे उंच ठेवलेलं जेन लाटताना करता येत नाही म्हणाले, पण ओलं असतानाच लाकडी ओंडक्यावर पालथं घालून वाळवलं तर तो बाक धरून ठेवतं. त्यासाठी पाठीचं माप हवं. घोड्याच्या मानेमागच्या उंचवट्यावर जाड तार आडवी दाबायची, ती पाठीचा आकार घेते. तार न हलवता उचलून पुठ्ठ्यावर ठेवायची आणि आतून पेन्सिल फिरवायची. चार बोटं मागे दुसरं माप, खोगिराच्या मागच्या काठाखाली तिसरं. शिवाय कण्यावरची लांबी. पाच-सहा जणांची मापं एकत्र गेली तर कातरणीताई जावळाची लोकरही वेगळी काढून ठेवायला सांगतील. लोकर पिंजायच्या आत, म्हणजे या महिनाअखेरीपर्यंत मापं हवीत.

माझी दोन धरा. राणी, लांबी २२ इंच. चांदणीचं शनिवारनंतर.

दापोलीकर_काकू

आमचे दोन. एक २३, एक साडेएकवीस. पुठ्ठे पोस्टाने पाठवते, घडी पडू नये म्हणून दोन फळ्यांच्या मधे बांधून.

देवगडचो_हापूस

भावाचो एक. तार गावली, पुठ्ठो गावलो, घोडो उभो रवना नाय. उद्या सकाळी परत बघतंव.